'काइंड ऑफ ब्लू' : बरेच महिने सोबत ठेवल्यानंतर

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) गेल्या पावसाळ्यात घेतली. तेव्हापासून ती कपाटात गेलेली नाही, टर्नटेबलशेजारीच असते. जॅझमधल्या सर्वांत जास्त खपलेल्या रेकॉर्डांपैकी ही एक, त्यामुळे तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. ख्याल ऐकत मोठ्या झालेल्या कानाला ती इतके महिने रोजच्या ऐकण्यात कशी वाटते, तेवढंच मी सांगतो. कॉफीच्या दुकानांत आणि हॉटेलांच्या लॉबीत ती हळू आवाजात लावून ठेवतात, हा तिच्यावर सरळ अन्याय आहे. गप्पांच्या मागे वाजायला ठेवलीत तर तिच्यातलं निम्मंसुद्धा हाती लागत नाही.

दोन दिवसांत झालेलं हे काम आहे : 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. जागा न्यूयॉर्कमधला कोलंबिया कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ, म्हणजे पूर्वीचं एक चर्च. छत उंच, त्यामुळे प्रत्येक वाद्याभोवती मोकळी हवा ऐकू येते. ट्रम्पेटवर माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, आल्टोवर कॅननबॉल अ‍ॅडर्ली, पियानोवर बिल इव्हान्स, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर'ला पियानोवर विंटन केली आहे. रेकॉर्डिंगच्या काही तास आधी माइल्सने या रचनांचे नुसते आराखडे केले होते, असं इव्हान्सने कव्हरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवलं आहे.

आराखडा किती साधा असावा? पहिला तुकडा 'सो व्हॉट' घ्या. बत्तीस बारचं एक आवर्तन; बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट, इथे चार मात्रांचा. पहिले सोळा बार पेटीच्या पांढरी दोनला (दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला) षड्ज धरून कोमल गंधार, कोमल निषाद, बाकी सगळे शुद्ध; म्हणजे आपला काफी थाट. मग आठ बार तोच थाट अर्धा सूर वर, काळी दोनवर. शेवटचे आठ बार पुन्हा पांढरी दोन. बस्स. त्या काळचा जॅझ वाजवणारा भराभर बदलणाऱ्या कॉर्डांच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरसमूहांच्या, मागे धावत असे. इथे त्याला एकाच स्केलवर (ठरावीक स्वरांच्या ओळीवर) निवांत बसायला मिळालं. आपल्याला हे ओळखीचं वाटतं. नवल वाटतं ते षड्जच उचलून अर्ध्या सुराने वर ठेवण्याचं. तानपुऱ्यावर पोसलेल्या कानाला तो बदल दर वेळी हलवतो. इतक्या वेळा ऐकूनही माझ्या बाबतीत तो बोथट झालेला नाही.

ऐकण्याची एक रीत मला फार लाभली, ती आवर्जून सुचवतो : एका बैठकीला एकच वाजवणारा धरायचा. सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवणं) कुणाचाही चालू असो, कान आपल्या माणसावरून हलू द्यायचा नाही. मी चेंबर्सपासून सुरुवात केली आणि बरेच दिवस त्याच्यातून बाहेरच पडलो नाही. 'सो व्हॉट'ची मुख्य धून बासवर आहे, बाकीचे तिला दोन सुरांत उत्तर देतात. मग माइल्सचा सोलो सुरू होतो त्या जागी कॉब सिंबलवर, म्हणजे ड्रम्समधल्या झांजेवर, एक दणका देतो, आणि त्याची आस विरेपर्यंत माइल्सचे पहिले सूर येऊन गेलेले असतात. त्या दणक्याखाली चेंबर्स चालायला लागलेला असतो, एका मात्रेला एक सूर. पहिल्या सत्राच्या वेळी तो 23 वर्षांचा होता. दुसऱ्या सत्राचा दिवस हा त्याचा चोविसावा वाढदिवस. पुढे 33व्या वर्षी तो गेला. या रेकॉर्डबद्दल बोलताना त्याचं नाव शेवटी घेतात, ते मला पटत नाही.

दोन सॅक्सोफोन वेगळे काढायला हेडफोन बरा. स्टिरिओत कोल्ट्रेन डावीकडे, कॅननबॉल उजवीकडे. कोल्ट्रेन एक प्रश्न घेऊन बसल्यासारखा त्याच सुरांना पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी भिडतो. कॅननबॉलच्या वाजवण्यात गोडवा आहे, उघड आनंद आहे. 'फ्रेडी फ्रीलोडर' हा बारा बारचा साधा ब्लूज. तिथे तो आणि विंटन केली माझे आवडते.

आता वस्तू म्हणून रेकॉर्डविषयी. पहिली बाजू पावणेपंचवीस मिनिटांची आहे, एलपीच्या मानाने लांब. त्यामुळे 'ब्लू इन ग्रीन' हा सगळ्यात नाजूक तुकडा अगदी आतल्या खाचांत येतो, जिथे आवाजाचा दर्जा उतरतोच. म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावलेल्या ट्रम्पेटचा तो बारीक, धारदार सूर आणि मागे इव्हान्सचा पियानो, एवढंच चालू असताना धुळीचा प्रत्येक कण ऐकू येतो. सुई चांगली ठेवा, दर वेळी ब्रश फिरवा. हा एक तुकडा मी हल्ली सीडीवर ऐकतो.

आणि एक गोष्ट विकत घेण्याआधी नक्की पाहा. 2 मार्चच्या सत्रात मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. ती टेप योग्य वेगाने वाजवली की सूर वर चढतात, त्यामुळे पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे कित्येक वर्षं थोड्या चढ्या सुरात विकले गेले. दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप बरोबर वेगाची होती. 1992 साली तिच्यावरून दुरुस्त आवृत्ती निघाली. पेटी जवळ असेल तर स्वतः तपासता येतं : 'सो व्हॉट'चा षड्ज पांढरी दोनला नीट मिळाला तर प्रत दुरुस्त, पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे लोंबकळला तर जुनी. काही जणांना जुन्या चढ्या सुराचीच सवय आहे. मला मात्र दुरुस्त प्रतच हवी. त्यात माइल्सचा ट्रम्पेट जास्त वजनदार लागतो.

दुसरी बाजू मी जास्त लावतो. 'ऑल ब्लूज' साडेअकरा मिनिटांचा, सहा मात्रांच्या डौलात झुलणारा, पांढरी पाचवर. सुरुवातीला शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे खमाजाची जागा. पाचव्या बारला गंधार कोमल होतो आणि सगळा प्रकाशच पालटतो. खमाज थाटातल्या ठुमऱ्या ऐकलेल्यांना त्या कोमल गंधाराची गोडी निराळी सांगायला नको. कॉब इथे इतका संयमाने वाजवतो की दुसऱ्या कुणाला साडेअकरा मिनिटं ते जमलं नसतं असं मला वाटतं.

शेवटचा 'फ्लेमेंको स्केचेस'. याला धूनच नाही. पाच स्केल एकापुढे एक, प्रत्येकावर वाजवणाऱ्याने मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि मगच पुढे जायचं. चौथ्या स्केलला कोमल ऋषभासकट स्पॅनिश वळण येतं, तिथे प्रत्येक जण जरा जास्त रेंगाळतो. बढतीचा, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेण्याचा, आनंद ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कोण कुठे किती थांबतो एवढंच ऐकावं. नंतरच्या सीडींवर याचा दुसरा पूर्ण टेकही, म्हणजे पुन्हा वाजवून केलेलं रेकॉर्डिंगही, आहे. दोन्ही लागोपाठ लावले की लांबी आधी ठरलेली नव्हती हे स्पष्ट कळतं. त्या टेकसाठी सीडी घेणं सार्थकी लागतं.

वेगाची, चढाओढीची झिंग हवी असणाऱ्याला ही रेकॉर्ड थंड वाटेल. त्याने कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' घ्यावी. दुसऱ्या सत्रानंतर दोनच आठवड्यांनी, मे 1959 मध्ये, तो कॉर्ड विजेसारखे बदलणाऱ्या त्या रचनेच्या रेकॉर्डिंगला उभा होता, आणि बासवर पुन्हा चेंबर्सच. दोन्ही आलटून पालटून ऐकण्यात मोठी मौज आहे. जॅझ अजिबात न ऐकलेल्या माणसाने मात्र 'काइंड ऑफ ब्लू'च घ्यावी, आणि दुसऱ्या बाजूपासून सुरुवात करावी.