मोफत हक्कांचे ‘पॅकेज’ : नाशिकमधील एक अनुभव

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना दिव्यांगत्व प्रमाणपत्र, शाळाप्रवेश आणि विशेष शिक्षक हे सर्व एकत्र मिळवून देण्याची हमी देणाऱ्या एका सल्लागाराने नाशिकमध्ये आमच्याकडून ३८,००० रुपये घेतले. त्या बदल्यात जे हाती आले, ते एकतर मुळात विनामूल्य होते किंवा निव्वळ बनावट होते.

हे गृहस्थ कायद्याच्या बाबतीत अनभिज्ञ नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. आमचा मुलगा आठ वर्षांचा असून त्याला स्वमग्नता आहे. ‘शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारा मदतनीस शिक्षक) ठेवा, नाहीतर दुसरी शाळा बघा’ असे त्याच्या शाळेने तोंडी कळवले, त्या सुमारास एका ओळखीच्या पालकांकडून यांचा क्रमांक मिळाला. पहिल्याच भेटीत त्यांनी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले, लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट समजावली आणि सहा ते अठरा वर्षे वयाच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारे कलम ३१ वाचून दाखवले. यातील एकही विधान चुकीचे नव्हते. कायदा मोफत शिक्षण देतो असे सांगणाऱ्या माणसानेच लगेच दरपत्रक पुढे सरकवावे, यातील विसंगती मात्र त्यांच्या बोलण्याच्या ओघात झाकली जात होती.

पॅकेजमधील पहिली वस्तू म्हणजे यूडीआयडी कार्ड, अर्थात दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र. ‘मुलाला सिव्हिलला नेण्याची गरज नाही, वैद्यकीय बोर्डातील माणसे आपली आहेत, टक्केही हवे तेवढे बसवून घेऊ,’ असे ते म्हणाले. टक्के वाढवण्यास आम्ही स्पष्ट नकार दिला, कारण दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेणाऱ्यास त्याच अधिनियमाच्या कलम ९१ नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अशा प्रकरणात पालकच अडकतात, दलाल नव्हे. काही आठवड्यांनी त्यांनी प्लॅस्टिकमध्ये मढवलेले एक कार्ड आणून दिले. शाळेच्या कार्यालयात ते दाखवल्यावर उलगडा झाला की ते प्रमाणपत्र नसून ऑनलाइन अर्ज भरल्यावर मिळणारी पोच होती, जी कोणालाही घरबसल्या, एक रुपयाही न देता मिळते. प्रत्यक्ष तपासणी तर झालेलीच नव्हती.

दुसरी वस्तू अधिक गंभीर होती, कारण ती रोज मुलाजवळ बसत होती. ‘आरसीआय नोंदणीकृत विशेष शिक्षिका’ म्हणून पाठवलेल्या बाईंनी नोंदणी क्रमांकासह प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली होती. मुलाची अस्वस्थता वाढू लागली. त्याला आवाजाचा त्रास होतो हे माहीत असूनही त्या त्याला मोठ्याने दटावत, आणि वैयक्तिक शिक्षण आराखडा मागितला की ‘तयार होतो आहे’ एवढेच उत्तर मिळे. अखेर विशेष शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) संकेतस्थळावर तो क्रमांक तपासला, तेव्हा तो भलत्याच व्यक्तीच्या नावे निघाला. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना असा व्यवसाय करणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. (या बाईंचे एका आठवड्याचे मानधन त्या दंडाहून जास्त होते, हेही नोंदवून ठेवतो.) हा क्रमांक तपासण्यास काही मिनिटे पुरतात. मूळ प्रमाणपत्रावरील नाव, क्रमांक आणि अभ्यासक्रम तिन्ही जुळतात का, हे मूल सोपवण्यापूर्वी पाहावे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. ‘आरटीईतून नामांकित शाळेत’, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांवर, प्रवेश देण्याचे आश्वासन होते. त्या जागा प्रवेशस्तरावरच, म्हणजे पहिलीत किंवा पूर्वप्राथमिक वर्गात, आणि त्याही सोडतीने भरल्या जातात. आमचा मुलगा दुसरीत होता. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यासाठी त्यांनी हजारोंचा ‘हप्ता’ घेतला. एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देणारी ही योजना स्वमग्नतेलाही लागू आहे हे खरे, परंतु तिचे नोंदणीशुल्क शेकड्यांत असते.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आले की पावतीवर ‘समुपदेशन शुल्क’ लिहिलेले आहे आणि समुपदेशन तर झाले. ते शब्द तिथे कशासाठी लिहिले होते, हे त्या दिवशी कळले. आम्ही पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली, शिक्षिकेच्या बनावट प्रमाणपत्राची प्रत पुनर्वास परिषदेला पाठवली आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी त्र्यंबक रोडवरील जिल्हा रुग्णालयात स्वतः मुलाला घेऊन गेलो. तिथे रांग होती, थांबावे लागले, मानसशास्त्रीय चाचणीसाठी पुन्हा बोलावले, पण पैसे कोणी मागितले नाहीत. शाळेलाही आम्ही लेखी पत्र दिले आणि समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत विशेष शिक्षकाची मदत मिळावी असा अर्ज शिक्षण विभागाकडे केला. तोंडी ‘दुसरी शाळा बघा’ म्हणणारी शाळा लेखी पत्राला तसे उत्तर देऊ शकली नाही.

आमची रक्कम अद्याप मिळालेली नाही. तक्रारीत आमच्यासोबत आणखी काही पालक आले आहेत आणि त्या सर्वांच्या पावत्यांवर तोच ‘समुपदेशन शुल्क’ हा मजकूर आहे. तसा मजकूर असलेली पावती आपल्याकडे असल्यास तिच्यासह यूपीआयचे तपशील आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण न पुसता जपून ठेवावे, आणि आपल्या भागातील पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्यावी.