फोम ड्रेसिंग, एअर बेड की साधी चिकटपट्टी?

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम) होऊ नये म्हणून काय घ्यायचं हे ठरवताना आधी कातडीला धोका कशाचा आहे ते पाहा. एक धोका सततच्या दाबाचा. दुसरा ओढाताणीचा: डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड सरकतं.

एअर बेड दाबावर काम करतो. मात्र त्याच्याकडून फार अपेक्षा नको. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१९) हवा आलटूनपालटून भरणारी गादी (म्हणजे एअर बेड) आणि चांगल्या प्रतीची फोमची गादी यांत ठळक फरक दिसला नाही.

अनेक थरांचं सिलिकॉन फोम ड्रेसिंग मुख्यतः ओढाताणीवर उपयोगी. थर एकमेकांवर सरकतात, त्यामुळे ताण कातडीपर्यंत कमी पोहोचतो. घामाचा ओलावाही ते शोषतं. बेल्जियममधल्या मोठ्या चाचणीत (२०२१) नेहमीच्या काळजीसोबत फोम लावलेल्यांत फोड किंवा त्याहून गंभीर जखमा ४ टक्के रुग्णांना झाल्या, न लावलेल्यांत ६.३ टक्के. फायदा माकडहाडाच्या भागात स्पष्ट होता, टाचेला तसा नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ड्रेसिंग माकडहाडाला लावा. टाचेसाठी पोटरीखाली लांब उशी द्या, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि टाच अधांतरी राहू द्या. मला तरी यापेक्षा सोपा उपाय माहीत नाही.

साधी चिकटपट्टी, म्हणजे पारदर्शक फिल्म किंवा हायड्रोकोलॉइड (जेलसारख्या थराची पातळ चिकटपट्टी), स्वस्त पडतं, पण फोमइतकं जाड नसतं आणि काढताना नाजूक, म्हातारी कातडी सोलवटण्याची भीती असते. सिलिकॉनची कड अलगद उचलून खालची कातडी पाहता येते आणि तेच ड्रेसिंग परत बसवता येतं. हे रोज करायलाच हवं. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तेव्हा हाताने गरमपणा, कडकपणा, दुखरेपणा तपासा.

शी-शू अंथरुणातच होत असेल तर हिशोब बदलतो. कड वारंवार भिजली तर महागडं ड्रेसिंग दिवसातून दोनदा बदलावं लागेल; अशा वेळी वेळच्या वेळी स्वच्छता आणि बॅरियर क्रीम (ओलाव्यापासून कातडी वाचवणारं क्रीम) बरं. पण क्रीम आणि फोम एकाच जागी नको, चिकटणार नाही.

भोकाची गोल उशी विकत घेऊच नका, तिच्या कडेने उलट रक्तप्रवाह अडतो. लाल झालेल्या जागी चोळणंही टाळा.

यातलं काहीही घेतलं तरी कूस बदलणं चुकत नाही. जागेवर आधीच फोड किंवा काळपट डाग दिसला, तर खरेदीआधी डॉक्टरांना किंवा नर्सना दाखवा.