दोन क्लायंट की एकटा बॉइंक?

बॉइंक आणि फोल्डिंग ॲट होम हे दोन क्लायंट, म्हणजे संगणकाची रिकामी ताकद वैज्ञानिक संशोधनाच्या आकडेमोडीला देणारे प्रोग्राम. घरच्या संगणकावर दोन्ही चालवायचे, की एकट्या बॉइंकलाच तीन-चार संशोधन प्रकल्प जोडायचे?

एकटा बॉइंक सोपा. प्रत्येक प्रकल्पाचा वाटा ठरवून दिला की तो आलटूनपालटून कामं आणतो, मुदतीही सांभाळतो.

दोन क्लायंटना मात्र एकमेकांचा पत्ताच नसतो. आठ थ्रेडच्या (एकाच वेळी आठ कामं चालवणाऱ्या) प्रोसेसरवर दोघेही आठही थ्रेड आपलेच धरून चालले, तर प्रत्येक काम जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं. याचा फटका फोल्डिंगला जास्त. तिथे पुढचं काम आधीच्या निकालातून तयार होतं, म्हणून तर निकाल लवकर परत करणाऱ्याला जादा गुण आहेत (त्यासाठी पासकी, म्हणजे फोल्डिंगकडून मिळणारा वैयक्तिक कोड, मात्र घेतलेली हवी).

तरी माझं मत दोन क्लायंटनाच, पण वाटणी करून. ग्राफिक्स कार्ड फोल्डिंगला, प्रोसेसर बॉइंकला. बॉइंकमध्ये ग्राफिक्स कार्डाचा वापर बंद करा आणि प्रोसेसरची मर्यादा ८८ टक्के ठेवा. आठातला एक थ्रेड मोकळा राहतो, आणि कार्डाला माहिती पुरवायला तो लागतोच. हा थ्रेडही बॉइंकला दिलात तर महागडं कार्ड ताटकळत बसेल.

लॅपटॉप असेल तर एकटा बॉइंकच बरा, तोही फक्त प्रोसेसरवर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स, दोन्ही चिपांची उष्णता एकाच वेळी बाहेर टाकणं त्याला झेपत नाही.