हिस्टो की क्लिनिकल? डीएमएलटीनंतर कोणता सेक्शन धरावा

डीएमएलटी, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, झाला की दोन वाटा दिसतात: क्लिनिकल, म्हणजे रक्त-लघवीच्या तपासण्या; आणि हिस्टो (हिस्टोपॅथॉलॉजी), म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याचे (बायोप्सीचे) पातळ काप करून स्लाइड बनवणं. नोकरी लगेच हवी असेल आणि गाव सोडायचं नसेल, तर क्लिनिकल लॅब धरा. तालुक्याच्या ठिकाणीही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, थायरॉइड करणाऱ्या लॅब असतात. हिस्टोची कामं मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांतल्या मोठ्या लॅब, कॅन्सर रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत एकवटली आहेत. छोट्या गावातली बायोप्सी कुरिअरने तिकडेच जाते. जागा मोजल्या तर क्लिनिकल पुढे आहे, यात वाद नाही.

पण जागा जास्त तशी गर्दीही जास्त. बायोकेमिस्ट्रीत ट्यूब लावली की पुढचं बरंचसं काम अॅनालायझर करतो. त्यामुळे नवा माणूस लवकर तयार होतो आणि जुन्याचा पगार रेंगाळतो. हिस्टोत प्रोसेसिंग (तुकड्यातलं पाणी काढून मेण भरणं) आणि स्टेनिंगला (रंगवण्याला) मशीन आलं, तरी एम्बेडिंग (तुकडा मेणात बसवून ब्लॉक करणं) आणि कटिंग अजून बहुतेक ठिकाणी हातावरच आहे. 3 ते 4 मायक्रॉनची सलग रिबन (कापांची पट्टी) काढायची, गरम पाण्यावर सुरकुती न पडता पसरायची, नेमकी स्लाइडवर उचलायची. सराईत हात तासाला 20च्या आसपास ब्लॉक कापतो. तो हात बसायला महिने लागतात.

चुकीची किंमतही वेगळी आहे. रक्त हिमोलाइज झालं (तांबड्या पेशी फुटल्या) तर पुन्हा काढता येतं. सुईने घेतलेली बायोप्सी दोरीएवढी बारीक असते. ब्लॉक ट्रिम करताना कापायच्या यंत्राचं (मायक्रोटोमचं) चाक चार फेरे जास्त फिरलं की गाठीचा तो भाग कचऱ्यात गेला. स्तनाची गाठ न कापता चिंचोळ्या बरणीत कोंबून आली, तर बाहेरून घट्ट आणि आतून लिबलिबीत राहते, कारण फॉर्मॅलिन (नमुना टिकवणारं द्रावण) तासाला साधारण 1 मिलिमीटरच आत शिरतं. 10 टक्के बफर्ड फॉर्मॅलिन नमुन्याच्या किमान 10 पट हवं. स्लाइडवर उभी रेघ आली तर पात्याला खाच पडली आहे; आडव्या पट्ट्या आल्या तर पातं किंवा ब्लॉक सैल आहे. हे बघताक्षणी ओळखणारा माणूस सोडून गेला की लॅबचे रिपोर्ट अडतात. पगारवाढ मागताना हाच तुमचा जोर.

खासगीत सुरुवातीचा पगार दोन्हीकडे जवळपास सारखाच. फरक पडतो तो आयएचसी (अँटीबॉडी वापरून पेशीतली ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणं) आणि फ्रोझन सेक्शन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून कापणं) हाताखालून गेल्यावर. नुसतं ग्रॉसिंगला (नमुना तपासून त्याचे तुकडे घेण्याला) डबे देणं आणि स्लाइडवर नंबर टाकणं एवढंच काम मिळणार असेल, तर ती हिस्टोची नोकरी घेऊ नका. मुलाखतीत विचारा: दिवसाला ब्लॉक किती, कापणारे किती, आयएचसी इथेच होतं की बाहेर जातं?

सरकारी भरतीत राज्याच्या आरोग्य विभागात प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकाऱ्याची वेतनश्रेणी 35,400 ते 1,12,400 रुपये आहे, वर भत्ते. ती जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतली, म्हणजे मुख्यतः क्लिनिकल कामाची पदं. सरकारी हिस्टोसाठी वैद्यकीय महाविद्यालयं आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या संस्थांच्या जाहिरातींवर डोळा ठेवा.

तब्येतीचा विचार आधीच करा. क्लिनिकलमध्ये रात्रपाळी आणि सुई टोचण्याचा धोका. हिस्टो बहुतांशी दिवसाचं काम, पण फॉर्मॅलिन आणि झायलीनची (मेण विरघळवणाऱ्या रसायनाची) वाफ रोजची. दमा असेल किंवा एक्झॉस्ट नसलेली खोली दाखवली, तर स्पष्ट नाही म्हणा. चाक फिरवून मनगट आणि खांदाही धरतो.

परदेशाचं म्हणाल, तर अमेरिकेची सरकारी आकडेवारी दोन्ही कामं एकाच गटात धरते: 2024मध्ये मध्यम वार्षिक वेतन 61,890 डॉलर, आणि 2034पर्यंत वाढ अवघी 2 टक्के. तिथे हिस्टोसाठी एएससीपीची (अमेरिकन सोसायटी फॉर क्लिनिकल पॅथॉलॉजीची) वेगळी परीक्षा आहे. आखातात अनुभवाची कागदपत्रं मूळ संस्थेकडून पडताळतात. म्हणून नोकरी सोडताना अनुभवपत्रावर नुसतं ‘लॅब टेक्निशियन’ लिहून घेऊ नका. एम्बेडिंग, मायक्रोटोमी, स्पेशल स्टेन, आयएचसी अशी कामांची नावं आणि तारखा मागून घ्या.