टर्बो इंजिनासाठी मोबिल १ ईएसपी ५डब्ल्यू-३०: डब्यावरचे नेमके काय वाचायचे

गेली तीन वर्षे माझ्या थेट इंधन फवारणीच्या टर्बो पेट्रोल गाडीत मी मोबिल १ ईएसपी ५डब्ल्यू-३० हे एकच इंजिन ऑईल वापरत आहे. त्याआधी एका गॅरेजमध्ये, '५डब्ल्यू-३० म्हणजे ५डब्ल्यू-३०, त्यात फरक तो काय' असे सांगून, माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत नसलेल्या दर्जाचे ऑईल इंजिनात भरले गेले होते. पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी जुनी पावती चाळताना ते माझ्या लक्षात आले. इंजिनाला सुदैवाने काही झाले नाही. पण एकच आकडा छापलेले दोन डबे आतून किती वेगळे असू शकतात, हे तेव्हापासून मी बारकाईने पाहू लागलो. हे ऑईल मी का निवडले, हे सांगायचे तर त्या फरकापासूनच सुरुवात करावी लागेल.

डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० या खुणेचा अर्थ मर्यादित आहे. पहिला आकडा थंडीतल्या वर्तनाचा असतो. ५डब्ल्यू दर्जाच्या ऑईलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंश सेल्सिअसला घेतात. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणाचा. टर्बोच्या, म्हणजे इंजिनाच्या धुराने फिरून आत जास्त हवा दाबणाऱ्या यंत्राच्या, बेअरिंगमध्ये मात्र परिस्थिती याहून कितीतरी बिकट असते. पेट्रोल इंजिनात टर्बाइनवर येणारा धूर ९०० अंशांच्याही पुढे तापलेला असू शकतो, लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि बहुतेक गाड्यांमध्ये तो दांडा गोळ्यांच्या बेअरिंगवर नव्हे, तर ऑईलच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगत असतो. तो थर तुटला की धातूला धातू घासतो. म्हणून १५० अंशांवर, वेगाने रगडले जात असताना ऑईलमध्ये किती दाटपणा शिल्लक राहतो, हे मोजणारा एचटीएचएस हा आकडा टर्बो गाडीच्या मालकाने आधी पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

'३०' या दर्जासाठी एचटीएचएसची किमान मर्यादा २.९ मिलिपास्कल-सेकंद (दाटपणाचे एकक) आहे. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या वर्गवारीतल्या सी३ या दर्जाला मात्र किमान ३.५ लागते, आणि मोबिल १ ईएसपी ५डब्ल्यू-३० हे सी३ दर्जाचे आहे. म्हणजे २.९ वर नुकतेच पार झालेले ऑईल आणि ३.५ च्या वरचे ऑईल, दोन्हींच्या डब्यांवर '५डब्ल्यू-३०' हेच छापलेले असते. '४०' दर्जाच्या ५डब्ल्यू-४० ऑईललाही किमान ३.५ एवढीच अट आहे. त्यामुळे 'टर्बो आहे, तर दाट ऑईल टाका' हा नेहमीचा सल्ला मला पटत नाही. सी३ दर्जाचे ५डब्ल्यू-३० उच्च तापमानाला त्याच किमान अटीत बसते, आणि १०डब्ल्यू किंवा १५डब्ल्यू ऑईलच्या तुलनेत थंड इंजिन सुरू होताना टर्बोपर्यंत लवकर पोहोचते. दांडा फिरू लागतो आणि ऑईल अजून वाटेत असते, ते काही क्षणच बेअरिंगला सर्वांत महाग पडतात.

दुसरा मुद्दा करपण्याचा. गाडी जोरात चालवून लगेच बंद केली, तर ऑईलचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनची उष्णता दांड्यावाटे बेअरिंगकडे सरकत राहते, आणि तिथे अडकलेले ऑईल जळून कोळशासारखा थर धरते. हा थर ऑईल आणणाऱ्या बारीक नळीतही साचतो आणि हळूहळू पुरवठाच आवळतो. चांगले सिंथेटिक ऑईल ही प्रक्रिया लांबवते. सी३ दर्जात बाष्पीभवनावरही मर्यादा आहे: २५० अंशांवर तासभर ठेवल्यावर घट १३ टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नये. उडालेल्या ऑईलची वाफ शेवटी हवेच्या मार्गाने इनटेक व्हॉल्व्हवर जाऊन बसते, आणि थेट फवारणीच्या इंजिनात ते व्हॉल्व्ह धुऊन काढायला पेट्रोल तिथे नसते, म्हणून ही अट मला महत्त्वाची वाटते. 'फुल सिंथेटिक' या दोन शब्दांवर मात्र मी काहीच ठरवत नाही. अनेक देशांत कठोर शुद्धीकरण केलेल्या खनिज तेलालाही, म्हणजे तिसऱ्या गटाच्या मूळ तेलाला, हे नाव लावता येते. ते तेल वाईट असते असे नाही. पण त्या शब्दांतून दर्जा सिद्ध होत नाही.

ईएसपी ही अक्षरे धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या संरक्षणासाठी आहेत. ऑईल जळल्यावर उरणारी राख काजळीच्या फिल्टरमध्ये कायमची साचते, कारण काजळी जाळून टाकता येते, राख जळत नाही. सी३ मध्ये ही राख ०.८ टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. डिझेल टर्बोच्या मालकाला हा एक मुद्दासुद्धा निवडीसाठी पुरेसा आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: राख कमी ठेवायची तर आम्ल निष्प्रभ करणारी द्रव्येही बेतानेच घालावी लागतात, त्यामुळे गंधकाचे प्रमाण जास्त असलेल्या इंधनावर अशा ऑईलचा बदल लांबवणे योग्य नाही.

आता लहान टर्बो पेट्रोल इंजिनांचा खास धोका. कमी फेऱ्यांवर जोराने ॲक्सिलरेटर दाबला, की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते आणि त्या धक्क्याने पिस्टनसुद्धा फुटू शकतो. ऑईलमधली कॅल्शियमची स्वच्छताकारक द्रव्ये हा धोका वाढवतात आणि मॅग्नेशियमची तसे करत नाहीत, हे लक्षात आल्यावर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हा दर्जा आणला. सी३ हा दर्जा या धोक्याची चाचणी मागत नाही, म्हणून ज्यांची पेट्रोल टर्बो आहे त्यांनी सी३ वर न थांबता, हातातल्या डब्यावर एपीआय एसपी किंवा त्याच्या पुढचा दर्जा लिहिलेला आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे. कोणतेही ऑईल घेताना मी हे मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचून तपासतो, आणि त्यात पाच मिनिटे गेली तरी मला चालते.

त्याच बारीक अक्षरांत गाडी उत्पादकांच्या मान्यता असतात, आणि माझ्या मते हे ऑईल घेण्याचे सर्वांत भक्कम कारण तेच आहे. फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ००, मर्सिडीज-बेंझ २२९.५१, पोर्शे सी३० अशा मान्यता त्याला आहेत. 'मान्यताप्राप्त' आणि 'या गाड्यांसाठी सुचवलेले' यांत फार अंतर आहे: पहिल्यात उत्पादकाने स्वतः मंजुरी दिलेली असते, दुसऱ्यात ऑईल विकणाराच आपले मत देत असतो.

वापराचा अनुभव समाधानाचा आहे. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर आवाज लगेच बसतो, दोन बदलांच्या मध्ये वरून ऑईल टाकण्याची वेळ आली नाही, आणि फिलर कॅपच्या आत गाळ दिसलेला नाही. मायलेजमध्ये काही फरक मला जाणवला नाही, आणि ३.५ च्या वरच्या ऑईलकडून ती अपेक्षाही नसावी. माझे बरेच फेरे जवळचे असतात. इंजिन पुरते तापायच्या आत गाडी थांबते आणि थोडे पेट्रोल ऑईलमध्ये उतरते. त्यामुळे लांबच्या मुदतीची मान्यता असूनही मी माहितीपुस्तिकेतल्या कठीण वापराच्या कमी अंतरावरच बदल करतो, आणि महिन्यातून एकदा डिपस्टिक काढून पातळी वाढलेली नाही ना, पेट्रोलचा वास येत नाही ना, हे बघतो.

हे ऑईल सर्वांसाठी नाही. ज्यांच्या पुस्तिकेत फोक्सवॅगन ५०८ ००/५०९ ०० दर्जाचे ०डब्ल्यू-२० सांगितले आहे, त्यांच्या इंजिनाचे ऑईल पंप आणि बेअरिंग पातळ ऑईल धरून बेतलेले असतात, म्हणून त्यांनी तेच घ्यावे. याच्या उलट, ५०४ ०० मागणाऱ्या जुन्या इंजिनात ते हिरवट ०डब्ल्यू-२० भरणे जास्त धोक्याचे, कारण त्या बेअरिंगना जो थर हवा तो त्यातून मिळत नाही. माझ्या पुस्तिकेत ५०४ ०० लिहिलेले आहे, आणि पुढच्या बदलासाठी मी हाच डबा पुन्हा आणला आहे.