वर ‘आय7’चा स्टिकर, आत जुना झिऑन

विश्रामबागेतल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याने सांगलीतच 26,500 रुपयांना कॉम्प्युटर असेंबल करून घेतला. चिठ्ठीवर एवढंच: ‘आय7 सेट, 32 जीबी, 512 एसएसडी’. जीएसटी क्रमांक नाही, मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही. तोंडी माल मात्र भरपूर. “14 कोअर, साहेब. 14 गुणिले 2.4, म्हणजे 33 गिगाहर्ट्झचं मशीन!” असा गुणाकार ऐकू आला की दुकानातून काढता पाय घ्यावा. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक बैल: चौदा जुंपले तर ओझं जास्त ओढलं जातं, पण गाडी पळते एका बैलाच्याच चालीने.

घरी फोर-के फुटेज टाइमलाइनवर ठेवलं की मशीन अडखळायचं. विंडोजच्या ‘सिस्टिम’ पानावर ‘कोअर आय7’ दिसत होतं, म्हणून दोष आधी सॉफ्टवेअरला गेला, मग एसएसडीला. शेवटी बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा, बोर्डातलाच प्रोग्रॅम) उघडलं, तेव्हा पहिल्याच पानावर खरं नाव सापडलं: झिऑन ई5-2680 व्ही4, म्हणजे इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर.

विंडोज हे नाव रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या) एका नोंदीवरून दाखवतं आणि ती नोंद हाताने बदलता येते. दर वेळी मशीन चालू झालं की विंडोज ती नव्याने लिहितं, म्हणून ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये एक छोटी बॅच फाइल (आज्ञांची यादी) बसवली होती. लॉगिन झालं की ती नाव पुन्हा पुसून ‘आय7’ करायची. त्यामुळे विंडोजच्या पानावर विश्वास ठेवू नये. बायोस बघावं, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ द्यावं. तिथे विंडोजची रजिस्ट्री पोचत नाही.

हीटसिंक काढून पेस्ट स्पिरिटने पुसली तर वर ‘एसआर2एन7’ कोरलेलं, हा इंटेलचा याच मॉडेलचा कोड. म्हणजे प्रोसेसर निदान अस्सल होता, 2016चा, कुठल्या तरी डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला. त्या जागी ‘क्यू’ने सुरू होणारा चार अक्षरांचा कोड आणि ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असं असतं, तर तो चाचणीसाठीचा नमुना. त्याची मालकी इंटेलकडेच राहते, तो विकायचा नसतो. त्याचा वेग आणि बायोसशी जुळणं दोन्ही बेभरवशाचं.

रॅममध्ये तर दुहेरी मार होता. ई5ला रॅमकडे जाणारे चार रस्ते, म्हणजे चॅनेल असतात. चार सारख्या पट्ट्या लावल्या तरच पूर्ण बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) मिळते. इथे 32 जीबीची एकच पट्टी, म्हणजे चौथा हिस्सा. शिवाय लेबलवर ‘पीसी4-2400टी’च्या पुढे ‘आर’, म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. साध्या डेस्कटॉप बोर्डात ती खाचेत नीट बसते, पण मशीन चालू होत नाही. उद्या बोर्ड बदलला तर रॅमही गेली. डेस्कटॉपची पट्टी हवी असेल तर तिथे ‘यू’ बघावं. दोन्ही एकत्र तर चालतच नाहीत.

बोर्ड चिनी बनावटीचा ‘एक्स99’. अशा बऱ्याच बोर्डांवर जुन्या डेस्कटॉप बोर्डावरून काढलेला चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणारी चिप) असतो, आणि बायोसचा अपडेट कुठून आणायचा हे विकणाराही सांगत नाही. एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, 450 वॅटचा कागद, पण प्रोसेसरच्या 8 पिनी सॉकेटमध्ये 4 पिनीच वायर घातलेली. 120 वॅटचा प्रोसेसर, भरीला सांगलीचा एप्रिल. अर्धा तास रेंडर लावला की रिस्टार्ट.

झिऑन हा वाईट माल नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. घरातच सर्व्हर चालवायचा आहे, सात-आठ व्हर्च्युअल मशिन्स (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) लावायची आहेत, किंवा बोर्डावर लावायची कार्डं जास्त आहेत, तर याच प्रोसेसरच्या 40 पीसीआय लेन (कार्डांसाठीचे रस्ते) आणि जुनी स्वस्त ईसीसी (चुका दुरुस्त करणारी) रॅम कामाची आहे. पण एडिटिंग, टॅली, ऑटोकॅड, मुलांचा गेम यांत बहुतेक काम एक-दोन कोअरवर अडतं. ई5-2680 व्ही4चा एक कोअर फार तर 3.3 गिगाहर्ट्झवर जातो. 2022चा चार कोअरचा आय3-12100 जातो 4.3वर आणि प्रत्येक ठोक्यात कामही जास्त करतो. एका कोअरपुरतं बोलायचं तर तो दीडपटीहून पुढे आहे. दुसरं म्हणजे ई5मध्ये ग्राफिक्सच नाही, म्हणून व्हिडिओ झटपट उलगडणारं इंटेलचं क्विक सिंकही नाही. नव्या कॅमेऱ्यांचं जास्त रंगमाहितीचं, घट्ट दाबलेलं 10 बिट 4:2:2 एच.265 फुटेज 12100मधलं ग्राफिक्स स्वतः उलगडतं. इथे तो सगळा भार कोअरवर येत होता. लग्नाच्या फुटेजसाठी आय3च बरा होता, आणि ‘एफ’ न लागलेला: 12100एफमध्येही ग्राफिक्स नसतं. विंडोज 11च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही, हे वेगळंच.

पैसे देण्याआधी बिलावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि एसएमपीएस यांची पूर्ण मॉडेलं लिहून घ्यावीत, प्रोसेसरचा सिरियल नंबरही. ‘तीन वर्षं वॉरंटी’ ही इंटेलची असते ती खोक्यातल्या प्रोसेसरवर. सुट्या प्रोसेसरवरची वॉरंटी दुकानदाराची, म्हणजे बहुधा तोंडीच. फसल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915वर नोंद करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार द्यावी लागते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क नाही.

दुकानदाराचा पवित्रा होता, “आय7 म्हणजे आय7 लेव्हलचा, असं म्हणालो होतो.” चिठ्ठीवर सहीसुद्धा नव्हती. पण पैसे यूपीआयने गेले होते आणि व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज होता: ‘इंटेल आय7, 14 कोअर, नवीन’. डेस्कटॉपच्या आय7मध्ये 12700ला 12 कोअर, 13700ला 16, 14700ला 20. चौदाचा त्यात नाहीच.