पहिला कॅमेरा म्हणून कॅनन आर ५०: बॉडी मस्त, पण सोबतच्या लेन्सचं काय?

पहिला डिजिटल कॅमेरा कुठला घेऊ असं कोणी विचारलं की हल्ली मी बहुतेक वेळा कॅनन ईओएस आर ५० सुचवते, फक्त एका अटीवर, की सगळं बजेट बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर) उडवायचं नाही, लेन्ससाठी थोडे पैसे मागे ठेवायचे. ते शक्य नसेल तर खरं सांगू का, फोनच बरा. असं का म्हणते ते पुढे येईलच.

आधी मेगापिक्सेलचा विषय संपवून टाकू कारण नवीन माणूस सगळ्यात आधी तेच विचारतो. आर ५० चा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा, तो ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापला तरी २० इंच रुंद प्रिंट निघते. एवढी मोठी प्रिंट किती जण काढतात? त्यामुळे २४ आहेत की २०, की शेजारच्या मॉडेलला २६ आहेत, यावर डोकं खपवू नका.

हा कॅमेरा २०२३ मध्ये आला. बॅटरी आणि कार्ड धरून बॉडी ३७५ ग्रॅमची आणि किटमधली (बॉडीसोबतच मिळणारी) १८-४५ मिलीमीटरची झूम लेन्स १३० ग्रॅमची, म्हणजे सगळा ऐवज अर्धा किलोच्या आसपास. नवशिक्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे असं माझं मत, कारण पहिला कॅमेरा बिघडून क्वचितच पडून राहतो, जड म्हणून घरी ठेवला जातो आणि मग तसाच कपाटात राहतो. आता हलका म्हणजे छोटा, त्यामुळे पंजा मोठा असेल तर करंगळी खाली लोंबकळते. म्हणून घ्यायच्या आधी एकदा हातात धरून बघाच आणि नुसता धरून नाही तर डोळ्याला लावून, एक हात लेन्सखाली घेऊन, दोनचार फोटो काढून बघा. ग्रिप अगदीच नाही जमली तर निकॉन झेड ५० दोन बघा, तो बॅटरी-कार्डसकट ५५० ग्रॅमचा आहे पण हातात जास्त घट्ट बसतो.

शिकायला मिररलेस (आर ५० सारखा, आत आरसा नसलेला) बरा की जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला) यावर लोक तावातावाने भांडतात. मी मिररलेसच्या बाजूची आहे आणि कारण एकच, व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) फोटो कसा येणार ते आधीच दिसतं. डीएसएलआरच्या काचेतून बघताना एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) चुकलंय हे फोटो काढल्यावर कळतं, इथे एक्स्पोजर कंपेन्सेशन प्लस एक केलं की डोळ्यासमोर चित्र उजळतं, मायनस दोन केलं की अंधारतं. कारण आणि परिणाम एकाच जागी दिसले की माणूस पटकन शिकतो, पुस्तकी व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. शिवाय भर उन्हात मागचा स्क्रीन काही दिसत नाही, तेव्हा व्ह्यूफाइंडर लागतोच. व्ह्यूफाइंडर नसलेला कॅमेरा (सोनीचा झेडव्ही-ई१० तसा आहे, तो मुळात व्हिडिओवाल्यांसाठी) फोटो शिकायला घेऊ नका.

ऑटोफोकसबद्दल तक्रारच नाही. माणूस, प्राणी, गाडी ओळखतो, डोळा सापडला की त्यावर चौकोन चिकटून बसतो, कुत्रं उड्या मारत असलं तरी बऱ्यापैकी पाठलाग करतो. काही वर्षांपूर्वी हे महागड्या बॉड्यांमध्येच मिळायचं.

आता मुद्द्याचं. नवीन कॅमेरा घरी येतो, संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये माणसं जमतात, फोटो काढले जातात आणि मग कोणीतरी फोनवर काढलेला फोटो शेजारी धरतं. फोनचा फोटो स्वच्छ, उजळ. कॅमेऱ्याचा एकतर रवाळ नाहीतर हललेला. "एवढे पैसे घालून हे?" असं चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, आणि मग कॅमेऱ्याला शिव्या बसतात.

कॅमेऱ्याचा दोष नसतो, किट लेन्सचं तोंड लहान असतं. हिशोबच बघा. आर ५० चा एपीएस-सी सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान, त्यालाच क्रॉप सेन्सर म्हणतात) २२.३ बाय १४.९ मिलीमीटरचा. चांगल्या महाग फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ च्या आसपास, म्हणजे कॅमेऱ्याचं क्षेत्रफळ साडेचार पटीच्या आसपास मोठं. ऐकायला छान वाटतं. पण फोनची लेन्स एफ/१.८ च्या आगेमागे असते (एफचा आकडा लहान तेवढं तोंड मोठं) आणि किट लेन्स वाइडला एफ/४.५, ४.५ ला १.८ ने भागा आणि वर्ग करा, सव्वासहा येतात. म्हणजे तेवढ्याच जागेवर, तेवढ्याच वेळात किट लेन्स सव्वासहा पट कमी उजेड सोडते. सेन्सरने जेवढं कमावलं ते सगळं लेन्सने घालवलं, वर थोडं पदरचंही गेलं. झूम करून ४५ वर गेलात की लेन्स एफ/६.३ होते, मग तर विचारूच नका. त्यात फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करून नॉइज (रवाळपणा) काढतो, कॅमेरा नेहमीच्या मोडमध्ये आपला प्रामाणिकपणे एकच फ्रेम घेतो.

यावर उपाय म्हणजे उघड्या तोंडाची एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स. कॅननची आरएफ ५० एफ/१.८ एसटीएम ही १६० ग्रॅमची छोटीशी लेन्स त्यांच्या लाइनअपमध्ये स्वस्तातल्यांपैकी आहे. किट लेन्सच्या ४५ च्या टोकाला एफ/६.३, इथे एफ/१.८, म्हणजे उजेड बारा पट. किट लेन्सवर जिथे ६४०० आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की रवा वाढतो) लागत होता तिथे त्याच शटर स्पीडला साधारण ५०० वर काम होतं, आणि त्या दोन फोटोंतला फरक कोणालाही दिसतो, त्यासाठी फोटोग्राफर असायची गरज नाही. मागचं पण छान धूसर होतं, ज्यासाठी अर्धे लोक कॅमेरा घेतात.

यातही एक गोची आहे. क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखी वागते, छोट्या खोलीत दोन माणसं फ्रेममध्ये घ्यायची तर मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. पोर्ट्रेटला उत्तम, घरातल्या गर्दीला अडचणीची. घरातच जास्त काढणार असाल तर सिग्माची ३० एफ/१.४ आता कॅननच्या या माउंटला (लेन्स बसवायच्या जागेला, इथे आरएफ) मिळते, ती बघा. २०२४ पर्यंत या माउंटला बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्सचा दुष्काळच होता, त्यामुळे आधीचे रिव्ह्यू वाचून "लेन्सच नाहीत" म्हणून आर ५० बाद करू नका, ती तक्रार आता बरीचशी मिटली आहे.

आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही हे लक्षात ठेवा. किट लेन्समध्ये आहे, ५० मध्ये नाही. पण स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पळणारं पोरगं नाही सावरत, त्याला शटर स्पीडच लागतो. घरात माणसं असतील तर टीव्ही मोडवर (शटर स्पीड आपण ठरवायचा मोड) १/१२५ सेकंद ठेवा, आयएसओ ऑटोवर सोडून द्या, पोरं धावत असतील तर १/२५०. थोडा रवाळ फोटो चालतो हो, हललेला चालत नाही.

वैतागाच्या गोष्टी पण आहेत. किट लेन्स मिटून ठेवायची आहे, ती फिरवून उघडली नाही तर कॅमेरा फोटोच काढू देत नाही, स्क्रीनवर लेन्स उघडा असा मेसेज देतो, आणि हमखास नको तेव्हा. डायल एकच आहे, त्यामुळे मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अॅपर्चर (लेन्सचं तोंड) यांत अदलाबदल करायला दरवेळी बटण दाबावं लागतं, सुरुवातीला चालून जातं पण हात बसला की खटकायला लागतं. बॅटरी छोटी, एलपी-ई१७, दिवसभर भटकणार असाल तर दुसरी लागणारच. वरचा शू (फ्लॅश बसवायची जागा) नव्या पद्धतीचा आहे, घरात जुना फ्लॅश पडलेला असेल तर तो थेट बसणार नाही, वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. उलट डीएसएलआरच्या जुन्या कॅनन ईएफ लेन्स असतील तर त्या अडॅप्टरवर छान चालतात, कुणाकडे धूळ खात पडल्या असतील तर मागून बघा.

व्हिडिओचं मी फार करत नाही. ४के आहे, क्रॉप होत नाही, माइक लावता येतो, हेडफोन लावता येत नाही.

बजेट अगदीच ओढाताणीचं असेल तर कॅननचा सेकंडहँड डीएसएलआर २०० डी मार्क दोन आणि त्याची ईएफ ५० एफ/१.८ (आरएफ त्यावर बसत नाही) ही जोडी मी नव्या आर ५० अधिक नुसती किट लेन्स यापेक्षा वर ठेवेन, मिररलेसबद्दल एवढं बोलून सुद्धा. फक्त घेताना एक काम करा, अॅपर्चर एफ/१६ ला न्या, कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढा आणि झूम करून बघा, सेन्सरवर घाण किंवा डाग असतील ते लगेच दिसतात.

राहता राहिली दोन लेन्सची ऑफर. १८-४५ सोबत ५५-२१० पण मिळते, डबा मोठा दिसतो, मोह होतो. ती लेन्स लांबच्या टोकाला एफ/७.१ आहे, म्हणजे उन्हात पक्षी-प्राणी, मैदानावरचे खेळ वगैरे काढायचे असतील तर ठीक, संध्याकाळ झाली की आयएसओ चढत जातो. पक्ष्यांचं वेड असेल तर जरूर घ्या, नाहीतर एका लेन्सचंच किट घ्या आणि वाचलेल्या पैशांत प्राइम.